लाल रेघेखालचं वाक्य

१

वहीतली तीन पानं गेली होती, आणि ती काही उंदरानं कुरतडलेली नव्हती. पट्टी लावून ब्लेडनं कापलेली होती, शिवणीपासून अर्धं बोट सोडून. सिस्टरनं वही मिटली, पुन्हा उघडली. पानं काही परत आली नाहीत. मग ती खुर्चीत बसली.

शाळेच्या सिक रूममधली ही सिस्टर मुळातच भित्री. पालीला घाबरायची, मुख्याध्यापिकांना घाबरायची, फोन वाजला की आधी त्यालाच दचकायची. बारा वर्षं मुलांचे गुडघे पुसले, ताप मोजले, दुखरी पोटं चोळली, पण कधी कुणाच्या अध्यातमध्यात पडली नाही. आता मात्र तिच्या कपाटातून, कुलूप लावलेल्या कपाटातून, कुणीतरी नेमकी तीन पानं नेली होती. कपाटाच्या आणि खोलीच्या दाराच्या प्रत्येकी दोन किल्ल्या होत्या. एक जोडी तिच्या कमरेला, दुसरी ऑफिसातल्या किल्ल्यांच्या फळीवर.

ती पानं होती बिट्टीची. बिट्टी म्हणजे बालवर्गातली पाच वर्षांची मुलगी, हजेरीतला सतरावा नंबर. गेल्या तीन आठवड्यांत बालवर्गाच्या बाईंनी तिला तीनदा सिक रूममध्ये आणलं होतं. सिस्टरनं मुलांच्या जखमा बघण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं. पडणारी मुलं गुडघ्यावर पडतात, कोपरावर पडतात, फार तर कपाळावर. दंडाच्या आतल्या बाजूवर कुणी पडत नाही. बिट्टीच्या दंडाच्या आत एक खूण जांभळी होती, एक पिवळी पडत चाललेली. तिसऱ्या वेळी तर खुणेत चार बोटं आणि एक अंगठा स्पष्ट मोजता आला. मुलगी काय म्हणाली ते सिस्टरनं घाईघाईत, ऐकलं तसं लिहून घेतलं होतं. आता ते शब्द काही केल्या आठवेनात.

लिहिलं, पण कुठे कळवलं नाही. आधी खात्री करू, मग बघू, असं म्हणता म्हणता तीन आठवडे गेले. काल कुठे धीर करून ऑफिसात जाऊन तिनं मुलीच्या आईचा नंबर मागितला होता. तोही मिळाला नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आज एक वाजता शाळा सुटणार, आणि मग वीस दिवस सुट्टी. वीस दिवस बिट्टीचा दंड कुणीच बघणार नव्हतं. 

२

मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून बघितलं.

"पानं गेली? मग नवी वही घ्या. स्टोअरमध्ये आहेत ढीगभर."

"मॅडम, नेमकी सतरा नंबरची पानं गेलीत."

"सतरा नंबर म्हणजे कोण?"

सिस्टरच्या वहीत नावं नसत, नुसते हजेरीचे नंबर. मुलांची दुखणी चारचौघांत जाऊ नयेत म्हणून तिनंच घातलेला शिरस्ता होता तो. तिनं सांगितलं, बालवर्गातली बिट्टी. दंडावरच्या खुणांबद्दलही सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली गेला, की मॅडमना दोनदा "मोठ्यानं बोला" म्हणावं लागलं.

मॅडमनी दार लावून घेतलं. "त्या ट्रकवाल्याचे उद्योग असणार. सावत्र बाप. मागे गेटवर आला होता, काय तो अवतार आणि काय ती भाषा! वॉचमनच्या अंगावर धावून गेला. मला पहिल्या दिवसापासून तो माणूस पसंत नाही."

"मग आपण बालसंरक्षण कार्यालयाला फोन करू या का?"

"आज? शेवटच्या दिवशी? उद्या पेपरात नाव येईल शाळेचं. आणि पुरावा काय आहे तुमच्याकडे, कापलेली वही? सुट्टीनंतर शांतपणे बसून बोलू." मग मॅडमचा स्वर मऊ झाला. "मी काही दगड नाहीये, सिस्टर. मुलीची सोय होईल. बाप कालच फेरीवरून परत आलाय म्हणे. आता सुट्टीत मुलीला त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू द्यायचं नाही, मी बघते ते."

एवढं ऐकून खरं तर सिस्टरचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. का, ते तिचं तिलाही कळेना. जिन्यावरून उतरताना तिला एवढंच सुचलं, की आपण लिहिलेलं गेलं असलं तरी ते ऐकणारं आणखी एक माणूस खोलीत होतं.

३

बालवर्गाच्या बाई फळा पुसत होत्या. मुलं मधल्या सुट्टीत अंगणात होती. बाईंना लाल पेनाचं व्यसन होतं. मुलांच्या वह्या तर सोडाच, नोटीस बोर्डावरच्या सूचनाही त्या येताजाता सुधारायच्या. एकदा मॅडमच्या रजेच्या अर्जातही त्यांनी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या होत्या, आणि आठवडाभर दोघींचं बोलणं बंद होतं.

"बिट्टीला माझ्याकडे आणलंत तेव्हा ती काय बोलली, ते तुम्ही कुठे टिपलंय का, बाई?"

"म्हणजे काय? निरीक्षण वहीत लिहावंच लागतं." बाईंनी टेबलाचा खण उघडला. "हं, ही घ्या. पण सिस्टर, त्या मुलीची भाषा म्हणजे डोक्याला ताप आहे. तीनदा आली, तीनदा तेच वाक्य आणि तीनदा त्याच चुका. मी दर वेळी सुधारून म्हणून घेतलं तिच्याकडून. पुढच्या वेळी गाडी पुन्हा मूळपदावर!"

सिस्टरनं वही घेतली. तारखा तीन, आणि तिन्ही खाली बाईंचं टपोरं अक्षर. बाईंनी आधी ऐकलं तसं लिहिलं होतं, मग लाल रेघ मारून वर बरोबर शब्द लिहिला होता. पहिल्या तारखेला सायकलवरून, दुसऱ्या तारखेला जिन्यावरून, तिसऱ्या तारखेला पलंगावरून. बाकी वाक्य तिन्ही वेळा अक्षराचाही फरक न करता एकच.

सायकलवरून पडली. मी आत होतो. ताईला सांगू नका.

'पडली'वर लाल रेघ, वर 'पडले'. 'होतो'वर लाल रेघ, वर 'होते'. 'ताईला'वर लाल रेघ, वर 'आईला'.

"ताई कशी काय?" सिस्टरनं विचारलं.

"तेच तर! तिला बहीण नाही, एकुलती एक आहे. आईला म्हणायचं असेल. पाच वर्षांच्या पोरीचं काय घेऊन बसलात. पडणारी म्हणते मी आत होतो, म्हणजे अर्थाच्या नावानंही बोंबच आहे."

सिस्टर त्या तीन लाल रेघांकडे बघत राहिली. काहीतरी समोर होतं, अगदी डोळ्यांसमोर, आणि दिसत नव्हतं. तेवढ्यात अंगणातून एक मुलगी धावत आली.

"बाई, बाई! बिट्टी पाण्याच्या टाकीमागे बसलीय. मी घरी जाणार नाही, असं म्हणतेय!"

४

सिक रूममधल्या खाटेवर बिट्टी पाय हलवत बसली होती. सिस्टरनं तिला पाणी दिलं, बिस्किटं दिली. मुलीनं ती अशी खाल्ली, की सिस्टरनं न विचारता आणखी चार काढली.

खोदून खोदून विचारायचं नाही, हे सिस्टरला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी शाळेनं तिला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. मुलाच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, भलती वचनं द्यायची नाहीत, फक्त ऐकायचं, असं तिथे शिकवलं होतं.

"मी आज डबा आणलाच नाही," बिट्टी आपणहून म्हणाली. "मी उठले तेव्हा आई कामाला गेली होती, बाबा झोपले होते. मग मी एकटीच तयार झाले. बटणंपण मीच लावली." बटणं एक घर सोडून लागली होती.

"शाब्बास. आणि टाकीमागे का बसली होतीस?"

बिट्टीचे पाय हलायचे थांबले. "सिस्टर, तुला सांगितलं तर तू कुणाला सांगणार?"

"ज्यांचं काम मुलांना मदत करणं आहे, त्यांना सांगेन. दुसऱ्या कुणाला नाही."

मुलगी विचार करत होती. तोंड उघडलंही होतं. इतक्यात दारावर टकटक झाली, आणि बिट्टी क्षणात आडवी होऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

दारात ऑफिसातला क्लार्क होता. हा बिट्टीचा सख्खा मामा, तिच्या आईचा धाकटा भाऊ. बिट्टी मामा म्हणते म्हणून सगळी शाळाच त्याला मामा म्हणायची. माणूस गोड बोलणारा, कुणाचं काही अडलं की हा हजर. आई कामावरून येईपर्यंत बिट्टीला रोज शाळेतून नेणारा आणि संध्याकाळपर्यंत सांभाळणारा तोच.

"काय म्हणतेय आमची राणी? टाकीमागे लपली होती म्हणे." त्यानं वाकून बघितलं. "झोपली वाटतं. असू दे. ताईची डबल ड्यूटी आहे धुलाई कारखान्यात, ती घरी नाही. मॅडमनी सांगितलंय, बाप आलाय तर सुट्टीभर हिला माझ्याच खोलीवर ठेव. एक वाजता येतो न्यायला."

"बरं," सिस्टर म्हणाली.

तो गेला. पावलं जिन्यावरून उतरली. सिस्टरनं खाटेकडे बघितलं. बिट्टी झोपली नव्हती. झोपलेल्या मुलाच्या पापण्या सैल असतात. हिनं त्या अशा गच्च आवळल्या होत्या, की नाकावर सुरकुत्या पडल्या होत्या.

५

मग ते दिसलं.

मी उठले. मी तयार झाले. मी आणलाच नाही. मुलगी अगदी नीट बोलत होती, एकही चूक नाही. चुका फक्त एका वाक्यात होत्या. तिन्ही वेळा त्याच चुका, त्याच जागी. म्हणजे त्या चुका नव्हत्याच. ते वाक्यच तिचं नव्हतं.

'पडली' असं आपण स्वतःबद्दल म्हणत नाही, दुसऱ्या कुणाबद्दल म्हणतो. कुणीतरी मुलीबद्दल सांगत होतं. 'मी आत होतो' म्हणणारा पुरुष होता. मुलगी पडली तेव्हा मी आत होतो, मी काही बघितलं नाही, असं तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत असणार, आणि मुलीला बजावत असणार, की कुणी विचारलं तर हेच सांगायचं. पाच वर्षांच्या मुलीनं ते पाठ केलं आणि भीतीनं शब्दाला शब्द लावून म्हणून दाखवलं, होतो तर होतो. बाईंनी तीनदा लाल रेघ मारली आणि तीनदा त्या माणसाचा आवाज पुसून टाकला.

पण तो पुरुष कोण? ट्रकवाला बापही पुरुषच. बायकोला मात्र कुणी ताई म्हणत नाही. बिट्टीच्या आईला ताई म्हणणारा या जगात एकच माणूस होता, आणि तो आत्ता याच दारातून गेला होता.

आणि पानं? मॅडमना सतरा नंबर म्हणजे कोण हेच ठाऊक नव्हतं. बाईंना पानं नाहीशी करायची असती, तर आधी त्यांनी स्वतःची वही नाहीशी केली असती. हजेरीचे नंबर लावतो क्लार्क. किल्ल्यांची फळी त्याच्या डोक्यावर. आणि काल आईचा नंबर मागायला ती गेली होती ती त्याच्याकडेच. "काय काम होतं? मीच सांगतो ना घरी," असं तो हसून म्हणाला होता.

बारा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. अठ्ठावीस मिनिटांनी त्याच माणसाच्या हाती ती मुलगी जाणार होती, वीस दिवसांसाठी, एका बंद खोलीत. आणि ही सोय केली होती मुलीला वाचवायला निघालेल्या मॅडमनी.

सिस्टरनं दार लावलं. कमरेची दाराची किल्ली कुलपात आतून घातली, फिरवली आणि तशीच राहू दिली, म्हणजे बाहेरून दुसरी किल्ली घालता येणार नाही. मग बालसंरक्षण कार्यालयाला फोन लावायला घेतला. नंबर दोनदा चुकला.

६

"मला पूर्ण खात्री नाही," हे तिचं पहिलं वाक्य.

"खात्री करणं आमचं काम," पलीकडची बाई म्हणाली. आवाज शांत होता, दमलेला होता. "कुणी केलं ते नंतर सांगा. आधी काय बघितलंत आणि काय ऐकलंत, तेवढं सांगा."

सिस्टरनं सांगितलं. खुणा कुठे, रंग कोणते, तारखा कोणत्या. मुलीचं वाक्य तिनं जसंच्या तसं सांगितलं, होतो आणि ताईसकट. 

"तुमचं नाव, हुद्दा?"

इथे सिस्टर अडखळली. नाव दिलं की मागे फिरणं नाही. मॅडमची परवानगी नव्हती. अंदाज चुकला तर एका भल्या माणसाच्या आयुष्याची माती होणार, आपली नोकरी जाणार, शाळेत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. खाटेवरून बिट्टी तिच्याकडे बघत होती. सिस्टरनं नाव सांगितलं.

"अर्ध्या तासात पोचतो. तोवर मूल कुणाच्याही हाती देऊ नका. कुणाच्याही."

मग तिनं बालवर्गाच्या बाईंना फोन लावला. काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं.  दोन मिनिटांत खोलीबाहेर त्यांच्या चपलांचा आवाज आला आणि दाराशीच थांबला.

एकची घंटा झाली. अंगण मुलांच्या कल्लोळानं भरलं आणि हळूहळू रिकामं झालं. मग ती पावलं आली.

"बाई, तुम्ही इथे कशा? बिट्टीला न्यायचंय."

"झोपलीय ती. उठली की बघू."

"झोपलेलीच उचलून नेतो की. सरका जरा."

"नाही सरकणार," बाई म्हणाल्या. 

कुलपात किल्ली खुपसल्याचा आवाज झाला. ती आत जाईना. एकदा, दोनदा, मग जोरात. बिट्टी सिस्टरच्या मांडीत घुसली, इतकी घट्ट, की तिच्या छातीची धडधड सिस्टरला आपल्या पोटावर लागत होती.  दार साध्या फळ्यांचं होतं.

मग तो दाराला तोंड लावून बोलला, तसाच गोड, तसाच हळू.

"सिस्टर, कशाला जिवाला त्रास करून घेता? दाखवायला तुमच्याकडे लिहिलेलं तरी काय उरलंय आता?"

पानं कापल्याचं सिस्टरनं मॅडमखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. मॅडमनाही तिनं कुणी कापली हे सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा तिला ते माहीत नव्हतं. आता होतं.

"बाईंनी लिहिलंय," सिस्टर दाराआडून म्हणाली. कसं कोण जाणे, पण ती मोठ्यानं म्हणाली. "तुमचं वाक्य, तुमच्याच शब्दांत."

 मग पावलं फिरली, जिन्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली, कारण खालून दुसरी पावलं वर येत होती.

७

बालसंरक्षण कार्यालयाच्या बाई आल्या होत्या, बरोबर साध्या कपड्यांतला पोलीस. थोड्या वेळानं त्यांनी बोलावून घेतलेली बिट्टीची आई आली, कामावरच्या रबरी चपलांतच, हात साबणानं पांढरे पडलेले.

"ताई, तू तरी सांग यांना!" भाऊ म्हणाला. "माझ्यावर आळ घेतायत. मी काय केलंय ते सांग की!"

तिनं भावाकडे बघितलं. मग मुलीकडे बघितलं. भावाचा आवाज कानावर पडताच बिट्टीनं पुन्हा डोळे गच्च मिटून घेतले होते, नाकावर सुरकुत्या पाडून. आई ते बघत उभी राहिली. पोलिसानं भावाला खाली नेलं तेव्हा तिनं मान वळवली नाही.

बालवर्गाच्या बाई कोपऱ्यात आपली वही छातीशी धरून रडत होत्या. मॅडम दारात उभ्या राहून कुणाला तरी फोनवर "हो, शाळेनंच कळवलं" असं सांगत होत्या. सिस्टरला त्याचं काही वाटलं नाही. मुलगी सुटली, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं, आणि तिला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

बिट्टीची आई तिच्यापाशी आली. आता ही हात जोडेल, असं सिस्टरला वाटलं.

"पहिल्यांदा कधी दिसलं तुम्हाला?"

"तीन आठवडे झाले."

"आणि फोन आज केलात."

"मला भीती वाटत होती," सिस्टर म्हणाली. दुसरं काही खरं नव्हतं, म्हणून तिनं तेच सांगितलं. "चूक निघाली तर, म्हणून."

"तिलाही वाटत होती," आई म्हणाली. "रोज संध्याकाळी." मग खाटेवर बसून तिनं बिट्टीला मांडीवर घेतलं आणि तिची बटणं सोडून नीट लावायला लागली.

कार्यालयाच्या बाईंनी सिस्टरपुढे अर्ज ठेवला. अर्जात 'खूण प्रथम दिसल्याची तारीख' असा रकाना होता, आणि त्याच्याशेजारी 'कळवल्याची तारीख'. दोन्ही रकान्यांत आजची तारीख टाकली असती, तरी तिला कुणी काही विचारलं नसतं. सिस्टरनं पहिल्या रकान्यात तीन आठवड्यांपूर्वीची तारीख लिहिली, दुसऱ्यात आजची, आणि खाली आपलं पूर्ण नाव घालून सही केली.